कांजीबाईची साखर

कांजीबाईने इस्त्री केलेली एक चादर म्हणे एकदा गच्चीवरून उडाली, दोन गल्ल्या ओलांडून गेली आणि एका पडक्या भिंतीवर आडवी होऊन बसली. लोकांना वाटलं, पत्रा आहे. एका नवराबायकोने तिच्याखाली संसार थाटला, त्यांना दोन लेकरं झाली, तरी चादरीला सुरकुती पडली नाही. आता ही गोष्ट खरी की खोटी, ते चादरीलाच ठाऊक. पण कांजीबाईसमोर तिला खोटी म्हणायची छाती त्या भागात कुणाची नव्हती.

कपड्यांना कांजी करते म्हणून कांजीबाई, असं ती स्वतः सांगे. बाकीचे सांगत, की कांजी तिच्या मानेत आहे, कपड्यांना नुसती तिची सावली लागते.

धुलाईघर घरचंच होतं. मागच्या अंगाला भट्टी, मधे पिळायचं यंत्र, पुढे इस्त्रीचं लांबलचक टेबल, वर गच्चीभर दोऱ्या. नवरा भट्टी सांभाळी, मुलगा गाडीतून हॉटेलांची गाठोडी पोचवी, सून इस्त्री करी. हुकूम सोडायचं काम तेवढं कांजीबाईकडे होतं. कुणी काही विचारलं की उत्तर तिच्याकडे तयार, मग प्रश्न कुणालाही असो. "आमच्या घरात तोंड एकच आहे," तिचा नवरा म्हणे. "बाकीच्यांना नुसत्या जिभा आहेत, त्याही चव घेण्यापुरत्या."

सून तर इतकी हळू बोलायची, की घरातलं मांजरसुद्धा "काय?" असं तोंड करून वळून बघे. तिला आठवा महिना लागला होता.

आणि इथेच कांजीबाईच्या मानेतली कांजी जरा सैल पडे. कारण तिची जाऊ अशीच आठव्या महिन्यात गेली होती. डोकं दुखतंय म्हणाली, भिंतीला टेकून बसली, डोळे फिरवले, अंगाला झटके आले आणि संपलं. तेव्हा त्या भागात तपासणी नव्हती की नर्स नव्हती. लोक म्हणाले, आयुष्य तेवढंच होतं. पुढे नर्सताई आल्या. शाळेच्या एका रिकाम्या खोलीत दर महिन्याला टेबल मांडून बसायला लागल्या. वजन, रक्तदाब, पोट, लघवी असं सगळं बघायच्या, आणि जरा काही वावगं दिसलं की बाईला हॉस्पिटलात नेऊन टाकल्याशिवाय पाणी प्यायच्या नाहीत. तेव्हापासून त्या भागातली आयुष्यं एकदम लांबली, हे कांजीबाईच्या नजरेतून सुटलं नव्हतं. म्हणून सुनेची एकही तपासणी तिने चुकवू दिली नव्हती. दर वेळी स्वतः बरोबर जाई. चूक झाली ती तिथेच.

त्या दिवशी खोलीत गर्दी होती.

"काही त्रास होतो का गं?" नर्सताईंनी सुनेला विचारलं.

"काही नाही," कांजीबाई म्हणाली. "दोन वेळ जेवते, झोपते. पाय सुजतात जरा, ते उभं राहून."

"मावशी, मी हिला विचारलं."

"मग तिचंच सांगतेय ना मी! ती सांगायला लागली तर तुम्हाला कान तिच्या तोंडात घालावा लागेल."

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या. सूनही हसली आणि खाली बघत बसली. नर्सताईंनी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. "थोडं वर आहे. धावत आलात का?"

"चालत. पण ही चालते ते धावल्यासारखंच."

"हं. बाटली घे, लघवी आण. ती बघितली की कळेल."

आता त्या शाळेचं मोरीघर अंगणात होतं आणि त्याच्या दाराला कडी नव्हती. दार आतून पाय लांब करून दाबून धरावं लागे, आणि आठ महिन्यांचं पोट घेऊन ती कसरत जमायला बाई सर्कशीतलीच हवी. त्यात समोरच नळ. नळावर पाण्याचे हंडे लावून बाप्ये गप्पा मारत उभे. सून एकदा गेली, रिकामी बाटली घेऊन परत आली. दुसऱ्यांदा गेली, पुन्हा रिकामीच. तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं, पण बाटलीत नाही.

"आई, दार उघडतं हो. माणसं उभी आहेत तिथे."

"मी उभी राहते ना दाराशी."

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही उभ्या राहिलात की मला अजिबातच होत नाही."

बाहेर मुलाने गाडीचा भोंगा वाजवला. हॉटेलाचे टेबलपोस दुपारच्या आत पोचायचे होते. कांजीबाईने एकवार नळाकडे बघितलं, एकवार सुनेकडे. एखाद्या मंद हाताच्या पोरीकडून अर्धवट घडीची चादर काढून घ्यावी तशी तिने ती बाटली काढून घेतली. "आण इकडे. एक काम धड होत नाही तुमच्या पिढीकडून." आत गेली, दणकन पाय दाराला लावला आणि पटकन बाटली भरून बाहेर आली. तिच्या मते हे सासूचं कर्तव्यच होतं. सुनेच्या वाटणीचं धुणं ती उरकत नव्हती का? तसंच हे.

नर्सताईंनी बाटलीत कागदी पट्टी बुडवली आणि उजेडाला धरली. कपाळावरची आठी विरली. "प्रथिन नाही. चला, जीव भांड्यात पडला. दाब वर आणि लघवीत प्रथिन असतं तर आज घरी सोडलं नसतं मी हिला." मग आठी पुन्हा आली. "पण साखर आहे. बरीच आहे."

"कुणाला?" कांजीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"हिला. आणखी कुणाला?"

सुनेने सासूकडे बघितलं. सासूने छताकडे बघितलं.

"गोड बंद," नर्सताई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलात उपाशीपोटी रक्त तपासू, तेव्हा दाबही परत बघू. त्याआधी डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही दिसायला लागलं, बरगडीखाली दुखलं, तर लगेच मला फोन करा. ऐकतेस ना?"

"ऐकते," कांजीबाई म्हणाली.

घरी त्या दिवसापासून साखरेची नाकेबंदी झाली. मुलगा बायकोवर जीव टाकणारा, पण डोक्याने सरळसोट. त्याने साखरेचा डबाच उचलून गाडीत कुलपात ठेवला आणि गावभर हॉटेलांच्या चादरींबरोबर साखरही फिरवून आणू लागला. सासरे भट्टीवरून ओरडत, "सूनबाई, चहात साखर नाही ना? मग आम्हीही फिका पितो!" आणि खरोखर फिका चहा, एरंडेल घेतल्यासारखं तोंड करून, घोटाघोटाने गिळत. सून बिचारी सगळं मुकाट सोसत होती. कांजीबाईला ते बघवेना. ती उशीच्या अभ्र्यात गोड बिस्किटं लपवून आणी आणि इस्त्रीच्या टेबलाखालून सुनेच्या हातात सारी.

एकदा म्हाताऱ्याने ते बघितलं. "अगं ए! पोरीच्या जिवावर उठलीस की काय? साखर आहे तिला!"

"तुम्ही भट्टी बघा."

"मी भट्टीच बघत होतो. पण घरच पेटवायला निघालीस तू!"

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोने उलट उत्तर दिलं नाही असं म्हाताऱ्याने पहिल्यांदा अनुभवलं. तो इतका घाबरला, की त्याने तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

तो गेल्यावर सून पुटपुटली, "आई, ताईंना सांगून टाकू या का?"

"काय सांगणार? की कांजीबाई दुसऱ्यांच्या बाटल्या भरत फिरते? अगं, लोक मला तोंडावर हसतील. आठवड्याने तुझं रक्त तपासतील, त्यात साखर दिसणार नाही. म्हणतील, पट्टी चुकली. पट्टी काही अब्रूनुकसानीचा दावा लावत नाही."

सून गप्प बसली. पण कांजीबाईच्या मनात एक किडा शिरला होता, तो गप्प बसेना. साखर सुनेची नाही, हे ठीक. मग ते दुसरं, प्रथिन का काय ते? तेही सुनेचं नव्हतंच की. म्हणजे नर्सताईंचा जीव भांड्यात पडला तो कुणाच्या भांड्यात? तिने तो विचार फटकन झटकला, ओला टॉवेल झटकावा तसा. तो झटकला तरी तिथेच लोंबकळत राहिला.

आता ती सुनेकडे सारखी बघायला लागली. चपलेचा पट्टा सुनेच्या पायात रुतत होता. सकाळी उठल्यावर पापण्या जड दिसत. मुलगा खुशीत म्हणाला, "आई, बघ, कशी गुटगुटीत झालीय." कांजीबाईला गुटगुटीत दिसलं नाही. भिजवलेला कपडा पाणी पिऊन फुगतो तसं दिसलं. रात्री सुनेच्या कुशीवर वळण्याचा आवाज आला की तिचे डोळे टक्क उघडत. झोपेत कण्हली की काय? की नुसती घोरली? उठून बघावं, तर मुलगा काय म्हणेल? न बघावं, तर जाऊ डोळ्यांपुढे उभी राहते.

"डोकं दुखतं का गं?" ती विचारी.

"थोडं," सून म्हणे. "वाफेने असेल."

"वाफेनेच," कांजीबाई म्हणे. आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचीच भीती वाटे.

तपासणीचा आठवडा अजून भरायचा होता. दुपारी भट्टी पेटलेली, मुलगा गाठोडी गाडीत चढवत होता. कांजीबाई कपड्यांवर पाणी शिंपडत होती आणि सून सकाळी इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच सुनेने हात थांबवला.

"आई, इस्त्रीतून ठिणग्या उडतायत."

कांजीबाईने मान वर केली. इस्त्री टेबलावर उभी होती. तिची वायर भिंतीतून काढून गुंडाळून ठेवलेली होती. इस्त्री थंड होती.

"कुठे गं?"

"ह्या काय. इथे. पांढऱ्या." सुनेने हवेत बोट दाखवलं आणि मग त्याच हाताने टेबलाची कड घट्ट धरली. ती खाली बसली, बसली म्हणण्यापेक्षा ओघळली.

एकच गोंधळ झाला. म्हातारा भट्टी सोडून धावला. मुलगा गाठोडं टाकून आला, त्याने बायकोचं डोकं मांडीवर घेतलं आणि नर्सताईंना फोन लावला. बोलणं सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ताई, हिला भोवळ आली."

"कोण, धुलाईघरातली ना? साखरवाली?" पलीकडून वाहनांचे आवाज येत होते. "खाल्लंय का काही? साखरेचं असेल. झोपवून ठेवा, पाणी द्या. मी दोन घरं उरकते आणि थेट तुमच्याकडेच येते."

"बरं ताई. साखरेचंच असेल."

"साखरेचंच!" म्हातारा ओरडला. "बिस्किटं चारत होती ही! मी डोळ्यांनी बघितलंय!"

कामावरच्या दोन बायका दारात उभ्या होत्या. पोरगा फोन ठेवायला निघाला होता. कांजीबाईच्या हातातून पाणी शिंपडायचा तांब्या निसटला आणि खणखणत भट्टीपर्यंत गेला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या क्षणी तिचा आवाज तिच्याच सुनेसारखा निघाला.

"ती साखर माझी आहे."

"काय?" मुलगा म्हणाला.

तिने फोन हिसकावून घेतला. आता आवाज परत आला, आणि असा आला की म्हणे हॉटेलातल्या वेटरांनीही तो ऐकला. "ताई! ती साखर माझी आहे! बाटली मी भरली होती, हिची नव्हती! हिला होईना, म्हणून मी भरली!"



"म्हणजे हिची लघवी बघितलेलीच नाही?"

"नाही."

"डोकं दुखतंय तिचं?"

"दोन-तीन दिवस झाले. आणि डोळ्यांपुढे ठिणग्या म्हणते. इस्त्री थंड आहे हो, ताई!"

नर्सताईंचा सूर एकदम बदलला. रागाचा नव्हता, पण कात्रीसारखा सरळ होता. "गाडी आहे ना दारात? आमची येईपर्यंत थांबू नका. डाव्या कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. निघा. मी हॉस्पिटलला कळवते, ते इंजेक्शन भरून तयार राहतील. मावशी, झटके आले तर कुशीवरच ठेवा, दाबून धरू नका. ऐकताय ना?"

"ऐकतेय," कांजीबाई म्हणाली. ह्या खेपेला खरंच.

गाडीत मळक्या चादरींच्या गाठोड्यांवर सुनेला निजवलं. म्हातारा पायाशी, कांजीबाई उशाशी. मुलगा पुढे. तो मागे वळून आईकडे बघत नव्हता, एवढंच तिला दिसत होतं. रस्ता नेहमीचा, पण त्या दिवशी कुणीतरी तो कांजी लावून ताणून ठेवला असावा, संपता संपेना. प्रत्येक चौकात कुणीतरी आडवं. एक हातगाडी, एक शाळेची बस. म्हातारा खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत हातवारे करत होता.

"मला काही बोललात तरी चालेल," कांजीबाई त्याला म्हणाली.

"आत्ता नाही," म्हातारा म्हणाला. "आत्ता तू तिचं डोकं धर. शिव्या मी साठवून ठेवतो."

हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि सुनेचं अंग ताठ झालं. डोळे वर गेले, जबडा आवळला, हातपाय थडाथडा उडायला लागले. कांजीबाईने जावेचे झटके पाहिले होते. तेव्हा चार जणांनी मिळून जावेला दाबून धरलं होतं आणि दातांत चमचा घातला होता. आताही म्हाताऱ्याचे हात आपोआप पुढे आले. कांजीबाईने ते बाजूला सारले. "दाबू नका! कुशीवर! नुसतं कुशीवर!" तिने गाठोडी सुनेच्या पाठीला लावली आणि स्वतःचा हात तिच्या गालाखाली सरकवला. त्या हातावर फेस आणि रक्त सांडत होतं आणि ती मोठमोठ्याने सांगत होती, "आलो गं, आलो, आलो."

दारात माणसं खरोखरच तयार होती. स्ट्रेचर, डॉक्टरीणबाई, हातात भरलेली सिरिंज. कुणी विचारत बसलं नाही की कागद कुठे, नाव काय. इंजेक्शन गेलं, दुसरं गेलं, सलाईन लागलं. दारं मिटली. बाहेर बाकावर तिघं बसली.

मुलगा जमिनीकडेच बघत होता. मग म्हणाला, "आई, तू मला तरी सांगायचंस."

तिला म्हणायचं होतं की लाज वाटली. तिला म्हणायचं होतं की तू साखरेचा डबा गाडीतून फिरवत होतास, तुला काय सांगणार. पण ती "हो," एवढंच म्हणाली.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोवर बाकाची लाकडं कांजीबाईच्या अंगावर उमटली होती. झटके थांबले होते. बाळ ऑपरेशन करून काढलं होतं. मुलगी, किरकोळ वजनाची, पण रडणारी. तिला काचेच्या पेटीत ऊब देत होते. "आईचं अजून सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "दाब खाली यायला हवा. बाळंत झाल्यावरही हे झटके परत येऊ शकतात. आम्ही नजर ठेवून आहोत. आणखी थोडा उशीर झाला असता तर..."  त्या घरातलं एकमेव तोंडही ते वाक्य पुरं करायला पुढे झालं नाही.

संध्याकाळी नर्सताई आल्या. कांजीबाई उठून उभी राहिली, मान खाली. शिव्यांची वाट बघत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"मावशी, तिला त्या दिवशी लघवी का झाली नाही, ते सांगा," नर्सताई म्हणाल्या.

"दाराला कडी नाही. समोर नळावर बाप्ये असतात."

नर्सताई बाकावर बसल्या. "किती महिने मी तिथे टेबल मांडतेय. एकदाही ते दार मी आतून लावून बघितलं नाही." मग हळूच म्हणाल्या, "आणि दाब वर दिसत असताना पट्टीवर विसंबले. दुसऱ्या दिवशी परत बोलवायला हवं होतं." त्यांनी पिशवीतून सुई काढून कांजीबाईचं बोट धरलं. "तुमचंही आणा इकडे. ती साखर कुणाची तरी आहेच ना."

म्हातारा बाजूने म्हणाला, "आता फिका चहा कायमचा नशिबी आला म्हणायचा." कुणी हसलं नाही, पण मुलाने बापाच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने डोळे उघडले. चेहरा अजून फुगलेला, ओठ चावलेला. दंडाला पट्टा तसाच होता, तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगत होता, आणि प्रत्येक वेळी यंत्रावरचा आकडा स्थिर होईपर्यंत कांजीबाई तिथून नजर हलवत नव्हती. आकडा कालच्यापेक्षा खाली होता. पुरेसा खाली आहे की नाही, हे तिला कळत नव्हतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं.

डॉक्टरीणबाई खाटेशी वाकल्या. "कसं वाटतंय? डोकं दुखतंय का? नीट दिसतंय?"

सुनेने सवयीने सासूकडे नजर वळवली.

कांजीबाईचं तोंड उघडलं होतं. तिने पहाटेपासून सगळं बघून ठेवलं होतं. केव्हा कण्हली, केव्हा कपाळाला हात नेला, केव्हा पाणी मागितलं, सगळं जिभेच्या टोकावर होतं. तिने तोंड मिटलं. मिटताना दातांचा आवाज झाला. मग ती उठली, खुर्ची सरकवली आणि वॉर्डच्या बाहेर जाऊन दाराशी उभी राहिली.  न जाणो, पोरगी काही बोललीच नाही तर?

 एक गाडा खडखडत गेला. कुणाचं तरी बाळ रडलं. कांजीबाईने दाराला कान लावला, मग लाज वाटून काढला, मग परत लावला.

"डोकं अजून दुखतंय," सुनेचा आवाज आला. हळू होता, पण भिंतीपलीकडे पोचत होता. "कालच्यापेक्षा कमी आहे. उजव्या डोळ्याने जरा अंधूक दिसतंय. आणि इथे, बरगडीखाली, इथे दुखतंय."

"शाब्बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हेच हवं होतं मला. सिस्टर, रक्त परत पाठवा. आणखी काय होतंय? सांग, घाई नाही."

बरगडीखाली. हे कांजीबाईला ठाऊक नव्हतं. रात्रभर उशाशी बसून ठाऊक नव्हतं. तिने भिंतीला पाठ टेकली आणि आत न जाता ऐकत उभी राहिली.